बटाट्याचे आणि रताळ्याचे वेफर्स घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की वाळवणाचे आणि श्रावण जवळ आला की उपवासाच्या पदार्थांचे प्रश्न येऊ लागतात. त्यांत वेफर्सचे प्रश्न सर्वांत अधिक असतात. गोव्यातील घरांतून पुन्हापुन्हा आलेले असे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एखाद्या मुद्द्याचे सविस्तर उत्तर दुसरीकडे दिले असेल तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझे बटाट्याचे वेफर्स छान होतात. मग त्याच पद्धतीने केलेले रताळ्याचे वेफर्स का बिघडतात?

दोन्ही कंद जमिनीखाली वाढत असले तरी त्यांची घडण वेगळी आहे. बटाटा हे जमिनीखाली फुगलेले खोड आहे आणि त्याचे कुळ वांगी-टोमॅटोचे. रताळे हे फुगलेले मूळ आहे आणि त्याचे कुळ गारवेलीचे. चांगल्या बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते, उरलेल्या भागात बहुतांश स्टार्च असतो आणि साखर अगदी नाममात्र असते. रताळ्यात पाणी थोडे कमी असले तरी साखर कितीतरी पटीने जास्त असते. वेफर कुरकुरीत होतो तो त्यातले जवळजवळ सगळे पाणी निघून गेल्यावर, आणि करपतो तो त्यातली साखर जळू लागल्यावर. बटाट्यात पाणी आधी संपते. रताळ्यात मात्र पाणी शिल्लक असतानाच साखर जळू लागते, आणि म्हणून तोच वेफर कडेने काळा व मध्ये चिवट लागतो. पुढील बहुतेक उत्तरे या एका फरकावर उभी आहेत: बटाट्याचा स्टार्च धुऊन काढून त्याला चांगले तापलेले तेल द्यावे, तर रताळ्याला मध्यम तेल आणि भरपूर वेळ द्यावा.

२. आमच्या घरी रताळ्याचे काप करतात. ते आणि वेफर्स एकच का?

नाही. काप म्हणजे रताळ्याच्या जाडसर चकत्यांना मीठ, हळद, तिखट लावून, रव्यात घोळवून तव्यावर थोड्या तेलात परतलेला, जेवणात गरम वाढायचा पदार्थ. तो आतून मऊच असायला हवा. वेफर पूर्ण कोरडा असतो, म्हणून टिकतो. कापासाठी निवडलेले गोड, मऊ रताळे वेफर्ससाठी बहुधा चांगले ठरत नाही (प्रश्न ४ पाहा).

३. वेफर्ससाठी कोणता बटाटा घ्यावा?

जुना, कोरड्या गराचा, पिठूळ बटाटा घ्यावा. नवा बटाटा, ज्याची साल नुसत्या अंगठ्याने सरकते, तो भाजीला उत्तम असतो. पण त्यात पाणी अधिक असते आणि तो तेलही जास्त पितो. गोव्यात बटाटा मुख्यतः बाहेरूनच येतो, त्यात बेळगावकडून येणाऱ्या मालाचा वाटा मोठा आहे, आणि दुकानदाराला जात विचारली तर बहुधा नेमके उत्तर मिळत नाही. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये ‘कुफरी चिप्सोना-१’ आणि ‘कुफरी चिप्सोना-२’ या जाती खास वेफर्ससाठी दिल्या. त्यांत कोरडा भाग जास्त आणि साखर कमी असते. हा माल मिळाला तर तोच घ्यावा.

जात कळत नसेल तर घरी करण्याजोगी एक खात्रीची परीक्षा आहे. १ लिटर पाण्यात सुमारे १२० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवावे आणि त्यात धुतलेला अख्खा बटाटा सोडावा. तळाशी बसला तर त्यात स्टार्च भरपूर आहे आणि त्याचे वेफर्स चांगले होतील. तरंगला तर तो रश्शासाठी ठेवावा. पाच किलो बटाटे आणण्यापूर्वी त्याच ढिगातले दोन-तीन बटाटे आणून ही परीक्षा करावी, असा माझा आग्रह आहे, कारण पुढची सगळी मेहनत या निवडीवर अवलंबून असते.

४. आणि रताळे कोणते? लाल सालीचे, पांढरे की केशरी गराचे?

वेफर्ससाठी लाल सालीचे, पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या गराचे, घट्ट आणि ताजे काढलेले रताळे सर्वांत सोयीचे. गोव्यात पावसाळ्यानंतर लावलेली रताळी हिवाळ्यात काढणीला येतात, आणि त्या दिवसांत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी माल विकायला बसलेल्या बायकांकडे मातीसकट ठेवलेली कणगां, म्हणजे रताळी, दिसतात, ती घ्यावीत. कापल्यावर कडेला पांढऱ्या चिकाचे थेंब टपटपीत उभे राहिले तर रताळे ताजे आहे असे समजावे. काढणीनंतर काही आठवडे ठेवलेले रताळे अधिक गोड होते. उकडून खाण्यास ते उत्तम, वेफर्सना मात्र तोच गोडवा नडतो.

केशरी गराच्या रताळ्यात बीटा कॅरोटीन भरपूर असते आणि रंगही सुरेख येतो. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेची ‘भू सोना’ ही अशीच जात आहे, तर ‘भू कृष्णा’ जांभळ्या गराची आहे. केशरी गर सहसा अधिक ओलसर असतो, म्हणून त्याच्या चकत्या अधिक पातळ कराव्यात आणि तेल आणखी मंद ठेवावे.

रताळ्याच्या आकाराकडेही लक्ष द्यावे. फार जाड रताळ्यात मध्ये दोरे असतात व ते तळल्यावर दाताखाली येतात. मनगटाएवढे, सरळ, खाचा नसलेले रताळे किसणीवर नीट सरकते.

५. फ्रिजमध्ये ठेवलेले बटाटे वापरले तर वेफर्स काळपट का होतात?

सुमारे ८ अंश सेल्सिअसच्या खाली बटाटा आपल्यातील स्टार्चचे साखरेत रूपांतर करू लागतो. ही साखर आणि बटाट्यातील अमिनो आम्ले गरम तेलात एकत्र आली की रंग भराभर गडद होतो आणि कडवट चव येते. तेल बदलून किंवा आच कमी करून ते पुरते सुधारत नाही. असे बटाटे फ्रिजबाहेर काढून अंधाऱ्या, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे ठेवल्यास साखर बरीच कमी होते. तेवढा धीर नसेल तर त्यांची भाजी करावी. शीतगृहातून नुकत्याच आलेल्या मालातही हाच दोष असू शकतो, म्हणून मोठा घाणा काढण्यापूर्वी दोन चकत्या तळून पाहाव्यात.

रताळे तर फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नये. त्याला थंडी बाधते. आतला गर टणक होतो आणि काळे डाग पडतात.

६. चकती किती जाड असावी?

बटाट्याची सुमारे दीड मिलिमीटर. चकती बोटावर धरली असता बोटाचा रंग अंधुक दिसावा आणि ती मोडल्याशिवाय वाकावी. रताळ्याची याहून किंचित पातळ चालते, जाड मात्र चालत नाही. जाडीपेक्षाही एकसारखेपणा महत्त्वाचा, कारण एका घाण्यात पातळ आणि जाड चकत्या मिसळल्या तर पातळ करपेपर्यंत जाड कच्च्या राहतात. म्हणून सुरीचा मोह टाळून वेफर्सची किसणी वापरावी. कंदाचा शेवटचा तुकडा हाताने किसण्याचा हट्ट धरू नये. तो भाजीत जाऊ द्यावा, बोटे शाबूत राहतात.

७. चकत्या पाण्यात किती वेळ ठेवायच्या?

बटाटा किसला की पृष्ठभागावरच्या फुटलेल्या पेशींतून स्टार्च बाहेर येतो. तो तसाच राहिला तर चकत्या तेलात एकमेकींना चिकटतात आणि डाग पडून तळल्या जातात. किसतानाच चकत्या थंड पाण्यात पडतील असे पातेले खाली ठेवावे, हलक्या हाताने खळबळून पाणी तीन-चार वेळा बदलावे आणि पाणी निवळ दिसू लागल्यावर आणखी अर्धा तास भिजू द्याव्यात. तळाशी बसलेली पांढरी साय म्हणजे बटाट्याचे सत्त्व. ते वाळवून रस्सा दाट करण्यासाठी वापरता येते.

बटाटे जुने किंवा साखर चढलेले असतील तर एक पायरी वाढवावी: १ लिटर उकळत्या पाण्यात एक मोठा चमचा माडाचे व्हिनेगर घालून त्यात चकत्या तीन मिनिटे ठेवून लगेच निथळाव्यात. पाणी साखर ओढून घेते आणि आंबटपणामुळे चकतीचा सांगाडा टिकतो, ती विरघळत नाही. उपवासासाठी करत असाल तर व्हिनेगरऐवजी लिंबाचा रस घ्यावा.

रताळ्याला दहा मिनिटांचे भिजवणे पुरते. तेही मुख्यतः चीक जाण्यासाठी आणि हवेने काळे पडू नये म्हणून. त्याला कोमट पाण्यात रेंगाळू देऊ नये. साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान रताळ्यातील विकर (एन्झाइम) स्टार्चपासून माल्टोज ही साखर झपाट्याने तयार करतात. रताळे हळूहळू भाजले की इतके गोड लागते ते यामुळेच, आणि वेफर्समध्ये हाच गोडवा करपण्याचे कारण बनतो.

भिजवल्यानंतर दोन्हींच्या चकत्या सुती पंचावर पसरून पूर्ण कोरड्या टिपाव्यात. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळू नये; ओल्या चकतीमुळे तेल उडते, त्याचे तापमान एकदम उतरते आणि वेफर तेलकट होतो.

८. पाण्यात तुरटी घालावी का?

वाळवणाचे वेफर्स पांढरे राहावेत आणि उकळताना मोडू नयेत म्हणून अनेक घरांत तुरटीचा खडा पाण्यातून फिरवतात. फिरवून लगेच काढला तर हरकत नाही. विरघळू दिला तर तोंडात तुरट चव राहते. लगेच तळायच्या वेफर्सना तुरटीची गरज नाही.

९. खोबरेल तेलात तळले तर चालतील का?

चालतील, आणि रताळ्याच्या वेफर्सना तर ते मला सर्वांत आवडते, कारण त्याच्या वासाने रताळ्याचा गोडवा खुलतो. मात्र तळण्यासाठी शुद्ध केलेले किंवा नीट गाळलेले घाण्याचे तेल घ्यावे. ताज्या नारळाच्या दुधापासून काढलेले, तीव्र वासाचे तेल लवकर धुरावते. ते तळणासाठी वाया घालवू नये. दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली: खोबरेल तेल दुसऱ्या तेलात मिसळून तळू नये, कारण असे मिश्रण कढईत फेसाळून वर येऊ शकते. दुसरी: खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे डबा उघडल्यावर वेफर्सवर पांढुरका, मेणासारखा थर दिसतो. ती बुरशी नव्हे. डबा ऊन असलेल्या खिडकीजवळ थोडा वेळ ठेवला की थर नाहीसा होतो.

शेंगदाणा, सूर्यफूल किंवा तांदळाच्या कोंड्याचे शुद्ध केलेले तेलही योग्य आहे.

१०. तापमापक नसेल तर तेल तापल्याचे कसे ओळखावे? आणि वेफर तळून झाला हे कशावरून कळते?

बटाट्यासाठी तेल सुमारे १७५ ते १८० अंशांवर असावे. एक चकती सोडली की ती दोन-तीन क्षणांत जोरदार बुडबुड्यांसह वर यायला हवी. रताळ्यासाठी १५० अंशांच्या आसपास. चकती आधी तळाशी जावी आणि बारीक बुडबुडे सोडत सावकाश वर यावी. तेलातून धूर निघत असेल तर ते दोन्हींसाठी जास्त तापलेले आहे. कढई निम्म्याहून अधिक भरू नये आणि १ लिटर तेलात एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त चकत्या सोडू नयेत.

तळण कानाने आणि डोळ्यांनी ओळखावे. चकत्या पडताच तेल खवळते, मोठे बुडबुडे उठतात आणि वाफेचा जोरदार आवाज येतो; हे आतले पाणी बाहेर पडण्याचे लक्षण आहे. झाऱ्याने चकत्या सुट्या करत राहावे. पुढे बुडबुडे लहान होतात, आवाज बारीक होत जातो आणि झाऱ्याला लागणाऱ्या चकत्या खडखडू लागतात. तेल जवळजवळ शांत झाले म्हणजे पाणी संपले. त्याच क्षणी वेफर्स काढावेत. रंगाची वाट पाहू नये, कारण बाहेर काढल्यावरही ते थोडे गडद होतात. कागदापेक्षा रोवळीत किंवा जाळीवर निथळावेत, म्हणजे वाफ खाली अडकत नाही.

तळताना पेट घेतलेल्या तेलावर कधीही पाणी ओतू नये. गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवावे.

११. रताळ्याचे वेफर्स कडेने काळे आणि मध्ये मऊ होतात. नेमके काय करावे?

कारण प्रश्न १ मध्ये दिले आहे. उपाय येथे आहे. ताजे, कमी गोड रताळे घ्यावे. चकत्या पातळ किसाव्यात, दहा मिनिटे भिजवून, टिपून, पंख्याखाली वीस-पंचवीस मिनिटे पसरून ठेवाव्यात, म्हणजे त्या कडेने किंचित वळू लागतात. असे थोडे पाणी आधीच गेल्याने तेलात कमी वेळ लागतो. मग १५० अंशांच्या तेलात थोड्याथोड्या सोडून सतत हलवत तळाव्यात. बुडबुडे मंदावले आणि कडेला पहिली तांबूस छटा आली की काढाव्यात. त्या क्षणी वेफर थोडा लवचिक लागेल. दोन-तीन मिनिटांत थंड झाल्यावर तो कडक होतो. कुरकुरीत होईपर्यंत कढईत ठेवण्याचा प्रयत्न केला तर तो हमखास करपतो. थंड झाल्यावरही मऊ राहिलेला घाणा पुन्हा त्याच मंद तेलात अर्धा मिनिट सोडता येतो.

इतके करूनही गडद होत असतील तर दोष रताळ्याचा आहे. त्या रताळ्याचे काप करावेत.

१२. मीठ आणि मसाला कधी लावायचा?

वेफर्स कढईतून काढल्यावर लगेच, गरम असताना, अगदी बारीक दळलेले मीठ लावावे. वरच्या तेलाच्या ओलाव्यावर ते धरते. फणसाच्या आणि केळ्याच्या वेफर्सप्रमाणे तळणाच्या शेवटी तेलात मिठाचे दाट पाणी शिंपडण्याची रीतही आहे. त्याने मीठ एकसारखे बसते, पण तेल जोरात उडते. हात सरावलेला नसेल तर ही रीत टाळावी आणि सरावलेला असला तरी एका वेळी लहान चमचाभरच पाणी घ्यावे.

बटाट्याला मिरपूड किंवा लाल तिखट चांगले. रताळ्याला मात्र आंबट हवे: कडकडीत वाळलेली सोलां (आमसुले) थोड्या मिठाबरोबर मिक्सरमध्ये दळून, चाळून केलेली पूड, त्यात चिमूटभर तिखट. ही पूड ओल धरते, म्हणून ती वेगळ्या बाटलीत ठेवावी आणि खाण्यापूर्वी लावावी.

१३. वर्षभर टिकणारे वाळवणाचे वेफर्स गोव्याच्या हवेत कसे करावेत?

पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, तयारीत हे काम शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये उरकावे. मे महिन्यात उष्मा वाढला तरी हवेतील दमटपणा वाढतो, दुपारनंतर ढग येतात आणि वळवाची सर कधीही येऊ शकते. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास तर पाऊसच दारात असतो. किनाऱ्याजवळच्या गावांत चकत्या वाळायला आतल्या तालुक्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, हेही गृहीत धरावे.

बटाटे सोलून, किसून, निवळ पाणी येईपर्यंत धुवावेत. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात बेताचे मीठ घालावे; चकती वाळून लहान झाली की मीठ तेवढेच राहते, म्हणून पाणी चवीला अळणीच लागले पाहिजे. चकत्या तीन ते पाच मिनिटे उकळाव्यात. कडा पारदर्शक दिसू लागल्या, मधला भाग अजून पांढरट आहे आणि चकती वाकते पण मोडत नाही, अशा वेळी त्या निथळाव्यात. न उकळता वाळवलेल्या चकत्या काळ्या पडतात, कारण रंग बदलणारे विकर उष्णतेनेच निकामी होतात.

काम पहाटे सुरू करून आठच्या सुमारास चकत्या उन्हात पोहोचतील असे पाहावे. स्वच्छ सुती कापडावर एकेक चकती सुटी पसरावी, वर पातळ जाळीचे कापड घालावे. दुपारी एकदा उलटाव्यात आणि सूर्य मावळण्यापूर्वी घरात घ्याव्यात. रात्रीच्या दवात ठेवलेले वाळवण दुसऱ्या दिवशी वास मारते. दोन ते तीन कडक उन्हे लागतात. चकती वाकवताच कट्‌कन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर आणखी एक ऊन द्यावे. १ किलो बटाट्यांचे साधारण २०० ग्रॅमच्या आतबाहेर वाळलेले वेफर्स होतात.

मध्येच आभाळ आले तर ओल्या चकत्या गोळा करून ठेवू नयेत. ओव्हनमध्ये ६० अंशांवर, दार किंचित उघडे ठेवून, किंवा निदान पंख्याखाली त्या पसरून ठेवाव्यात. हे वेफर्स तळताना चांगल्या तापलेल्या तेलात काही क्षणांतच फुलतात, म्हणून झारा हातात तयार असावा.

१४. रताळ्याचेही असे वाळवण होते का?

होते, पण साखरेमुळे ते ओल लवकर धरते आणि तळताना फार भराभर लाल होते. उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटेच ठेवून वाळवावे, घट्ट बरणीत भरावे आणि पावसाळा संपण्याआधी वापरावे. रताळे ताजेच तळणे अधिक श्रेयस्कर, असे माझे मत आहे.

१५. पावसाळ्यात, ऐन चतुर्थीच्या दिवसांत वेफर्स मऊ पडतात. काय करावे?

तळलेल्या वेफरमध्ये पाणी जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास उरते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची हवा दिवसदिवस ओलीच असते. त्यामुळे उघडा राहिलेला वेफर ओल शोषणारच. पूर्ण थंड झाल्यावरच, पण त्यानंतर अजिबात वेळ न घालवता, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत किंवा पत्र्याच्या डब्यांत भरावेत. एक मोठा डबा करण्याऐवजी लहानलहान बरण्या कराव्यात, म्हणजे प्रत्येक वेळी सगळा माल हवा खात नाही. मीठही ओल ओढते. जास्त दिवस ठेवायचे वेफर्स बिनमिठाचे भरून ऐनवेळी मीठ लावणे उत्तम.

मऊ पडलेले वेफर्स ओव्हनमध्ये १२० अंशांवर पाच-सात मिनिटे ठेवून थंड केले की पुन्हा कुरकुरीत होतात. खवट वास येत असेल तर मात्र तो तेलाचा दोष आहे. असे वेफर्स टाकून द्यावेत.

१६. उपवासाला हे वेफर्स चालतात का?

महाशिवरात्र, एकादशी आणि श्रावणी सोमवार या उपवासांना बटाटा आणि रताळे दोन्ही सर्वसाधारणपणे चालतात. सैंधव मीठ वापरावे, हळद घालू नये आणि शेंगदाणा किंवा खोबरेल तेलात तळावे. लाल तिखटाबाबत घरोघरी रीत वेगळी असते. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे. आधी भजी किंवा मासे तळलेले तेल उपवासासाठी घेऊ नये. रव्यात घोळवलेले काप (प्रश्न २) उपवासाला चालत नाहीत.

१७. हिरवट किंवा मोड आलेला बटाटा, किंवा किडका भाग काढून टाकलेले रताळे वापरावे का?

प्रकाशात राहिलेल्या बटाट्याची साल हिरवी होते. तो हिरवा रंग स्वतः घातक नसतो, पण तेथे सोलानिनसारखी विषारी द्रव्ये वाढल्याची ती खूण असते, आणि ही द्रव्ये तळल्याने नष्ट होत नाहीत. लहानसा हिरवा डाग किंवा एखादा मोड खोलवर कापून काढता येतो. बटाटा बराच हिरवा, सुरकुतलेला किंवा कडू असेल तर तो फेकून द्यावा.

रताळ्यात सोलानिन नसते. पण सोंड्या भुंग्याने पोखरलेले किंवा बुरशीने सडलेले रताळे कडू द्रव्ये तयार करते आणि ती चांगल्या दिसणाऱ्या भागातही पसरलेली असू शकतात. कापल्यावर काळी भोके आणि उग्र वास आला तर पूर्ण रताळे टाकावे. नुसते मोड आलेले, घट्ट रताळे मात्र मोड काढून वापरता येते.

१८. गडद तपकिरी वेफर्स आरोग्याला वाईट असतात हे खरे का?

काळजी घेण्यासारखे आहे. स्टार्चयुक्त पदार्थ सुमारे १२० अंशांच्या वर तळले किंवा भाजले की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते, हे २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधनातून पुढे आले. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने कर्करोग झाल्याचे दिसले असल्याने अन्नातील त्याचे प्रमाण कमी ठेवावे असा सल्ला दिला जातो. बटाट्यातील अस्पॅरजिन हे अमिनो आम्ल आणि साखर यांच्या संयोगातून ते बनते. म्हणून जे उपाय रंग सोनेरी ठेवतात, तेच त्याचे प्रमाणही कमी करतात: फ्रिजमधला बटाटा टाळणे (प्रश्न ५), भिजवणे व आंबट पाण्यात उकळणे (प्रश्न ७) आणि तेल शांत होताच वेफर काढणे (प्रश्न १०).

१९. उरलेले तेल पुन्हा वापरता येते का?

थंड करून, कापडातून गाळून, अंधाऱ्या जागी ठेवलेले तेल एक-दोनदा वापरता येते, शक्यतो फोडणी-भाजीत लवकर संपवावे. तळाशी राहिलेले बारीक कण करपून पुढचा घाणा काळा करतात, म्हणून गाळणे अत्यावश्यक. तेल दाट झाले, फेसाळू लागले किंवा लवकर धुरावू लागले की ते टाकावे. मोरीत मात्र ओतू नये. व्यावसायिक तळणासाठी तेलातील ध्रुवीय संयुगांची (तेल वारंवार तापून बिघडले की वाढणाऱ्या द्रव्यांची) २५ टक्क्यांची मर्यादा १ जुलै २०१८ पासून देशात लागू आहे.

२०. एअर फ्रायर किंवा ओव्हनमध्ये होतील का?

होतील, मात्र तळलेल्या वेफरची खुसखुशी येणार नाही. किलोभर चकत्यांना दोन चमचे तेल चोळून, एकमेकींवर न येतील अशा पसरून, बटाट्याचे १६० अंशांवर आणि रताळ्याचे १३० ते १४० अंशांवर भाजावेत. मधूनमधून उलटावेत आणि झालेले आधी उचलावेत, कारण सगळे एकाच वेळी होत नाहीत. पंख्याच्या वाऱ्याने पातळ चकत्या उडून वरच्या तारेला चिकटू शकतात. वर जाळी ठेवावी.

२१. रताळे पौष्टिक आहे; मग मधुमेह असलेल्यांनी बटाट्याऐवजी रताळ्याचे वेफर्स खावेत का?

उकडलेल्या रताळ्याचे गुण तळलेल्या वेफरला जसेच्या तसे लागू होत नाहीत. वेफर कोणताही असो, त्याच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग तेलाचा असू शकतो आणि उरलेला बहुतांश स्टार्च-साखरेचा. रताळ्यात तंतू आणि केशरी जातीत बीटा कॅरोटीन मिळते, एवढाच फायदा. मधुमेहींनी दोन्ही प्रकार मोजकेच खावेत आणि प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

२२. नीरफणसाचे वेफर्स याच पद्धतीने करता येतील का?

पूर्ण वाढलेला पण न पिकलेला, टणक नीरफणस बटाट्याच्या पद्धतीने (प्रश्न ७ आणि १०) सुरेख तळला जातो. भिजवण्याच्या पाण्यात मीठ घालावे म्हणजे चीक सुटतो. पिकू लागलेल्या फळात साखर असते, म्हणून त्याला रताळ्याचे नियम लावावेत.

२३. घरी केलेले वेफर्स विकायचे असतील तर काय लागते?

अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनाही नोंदणी करावी लागते; लहान व्यवसायासाठी मूलभूत नोंदणी असते आणि अर्ज ‘फॉस्कॉस’ या सरकारी संकेतस्थळावर करता येतो. गोव्यात याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावे ते, नोंदणी क्रमांक, पत्ता आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह छापावे.

टिकण्याचा कालावधी अंदाजाने छापू नये. प्रत्येक घाण्यातील दोन पाकिटे बाजूला ठेवून दर आठवड्याला त्यांचा वास, चव आणि कुरकुरीतपणा तपासावा. ही तपासणी जुलैमध्येही करावी, आणि त्या महिन्यात माल जितके दिवस चांगला राहिला तितकेच दिवस वर्षभराच्या पाकिटांवर लिहावेत.